जुळं मागून मिळतं का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ निम्मी जुळ्यांबद्दल आहेत. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, कारण या विषयावर मी फक्त डॉक्टर म्हणून बोलू शकत नाही. मी स्वतः जुळ्यातली. १९६२ साली काटोलजवळच्या खेड्यात, घरीच, आठवा महिना नुकताच लागलेला असताना आईला कळा आल्या. दाईनं माझ्या भावाला बाहेर काढलं, नाळ बांधली आणि वार, म्हणजे प्लॅसेंटा, पडायची वाट पाहत बसली. वारेऐवजी मी आले. पोटात दोघं आहोत हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. पुढे तीस वर्षांहून जास्त काळ मी नागपुरात बाळंतपणं केली, पण सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठोके दिसले की अजूनही माझा हात क्षणभर थांबतो.

पत्र पहिलं

*वय ३६. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मानेवाड्याला राहतो. मुलगी सात वर्षांची आहे आणि आता दुसऱ्यांदा प्रयत्न करून राहिलो. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात जावळी होतात. चुलतसासऱ्यांना जुळे मुलगे, मोठ्या दिरांना जुळ्या मुली. मग मलाही होतील का? आणि झालीच तर तीन लेकरं धरून नोकरीला काही होईल का?*

ताई, जुळी दोन प्रकारची असतात. एकच बीज फळतं आणि पहिल्या काही दिवसांत त्याचे दोन भाग होतात, ती एकबीज जुळी. चेहरामोहरा सारखा, दोन्ही मुलगे नाहीतर दोन्ही मुली. हे दुभंगणं जगात सगळीकडे हजार बाळंतपणांमागे तीन-चार वेळा घडतं. वय, घराणं, खाणंपिणं यांचा त्यावर फारसा परिणाम दिसत नाही. दुसरा प्रकार द्विबीज जुळ्यांचा. एकाच महिन्यात दोन बीजं सुटतात आणि दोन्ही फळतात. ही भावंडं मागेपुढे जन्मलेल्या भावंडांइतकीच वेगळी असतात, फक्त एकाच वेळी पोटात वाढतात. भाऊ आणि मी तसेच. शक्यता वाढली किंवा कमी झाली असं आपण म्हणतो ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

आता बघा, दोन बीजं सुटायची ती बाईच्या अंडाशयातून. मग घराणं कोणाचं पाहायचं? तिचंच, तिच्या आईच्या बाजूचं आणि वडिलांच्याही. तुमच्या दिरांना जुळ्या मुली झाल्या त्या तुमच्या जाऊबाईंच्या अंडाशयानं दिल्या, आणि चुलतसासऱ्यांच्या घरी चुलतसासूबाईंच्या. त्याचा तुमच्या अंडाशयाशी संबंध नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत जुन्या कुटुंबनोंदी तपासून हेच मोजलं गेलं. जी बाई स्वतः द्विबीज जुळ्यातली आहे तिला ५८ बाळंतपणांत एकदा जुळं झालेलं आढळलं. ज्यांचा फक्त नवरा जुळ्यातला होता त्यांच्यात हे प्रमाण ११६ त एक, म्हणजे जवळपास सर्वसाधारण बाईइतकंच. मी त्या ५८ वाल्यांपैकी. माझी दोन बाळंतपणं झाली, दोन्ही वेळा एकेकच मूल. वारसा असला तरी तो एवढाच झुकाव देतो.

तरी सासूबाईंना एक गोष्ट जरूर विचारा. त्यांच्या स्वतःच्या माहेरी, त्यांच्या आईला, मावशीला किंवा बहिणींना जुळी आहेत का? असतील तर तो गुण तुमच्या नवऱ्यात असू शकतो. त्याच्यात तो कधी दिसणार नाही, पण तुमच्या मुलीला मिळू शकतो. २०१६ मध्ये यातली दोन जनुकंही सापडली. त्यातलं एक एफएसएच नावाच्या संप्रेरकाशी निगडित आहे. दर महिन्याला मेंदूच्या तळची पिट्युटरी ग्रंथी हे संप्रेरक सोडते, त्यावर अंडाशयात बीज तयार होतं. ते जरा जास्त सुटलं की एकाच्या जागी दोन बीजं पिकू शकतात.

तुमच्या बाबतीत खरा परिणाम करेल तो वयाचा. तिशीच्या उत्तरार्धात बीजं कमी होत जातात, तसं पिट्युटरीला जास्त जोर लावावा लागतो आणि एफएसएच वाढतं. म्हणून द्विबीज जुळ्यांचं प्रमाण पंधराव्या वर्षाच्या मानानं सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास चौपट होतं आणि पुढे झपाट्यानं उतरतं. आधी बाळंतपण झालेलं असलं तरी थोडी भर पडते. पण ताई, चौपट ऐकून हुरळून जाऊ नका. आपला भारतीय उपखंड निसर्गतः जुळी कमी होणाऱ्या भागात येतो, हजार बाळंतपणांमागे नऊच्या आत. कमी आकडा चौपट झाला तरी कमीच राहतो. शिवाय ज्या वयामुळे दोन बीजं सुटतात त्याच वयामुळे बीजांची प्रत उतरते आणि गर्भ गळण्याचं प्रमाण वाढतं. तुम्हाला जुळ्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं हे आहे की पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर वर्षभर थांबायचं नाही, तपासणीला यायचं. फोलिक अॅसिडची गोळी आजपासून सुरू करा.

नोकरीचं म्हणाल तर सरकारी नोकरीसाठी दोन मुलांची अट घालणाऱ्या राज्याच्या २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांत, एका मुलानंतरच्या एकाच बाळंतपणात झालेली सगळी मुलं मिळून एकच धरली जातात. त्या काळजीनं झोप घालवू नका.

पत्र दुसरं

*वय २७, खासगी कंपनीत नोकरी, राहणार त्रिमूर्ती नगर. लग्नाला दीड वर्ष झालं. पाळी २८-२९ दिवसांनी नियमित येते. अजून प्रयत्न सुरू केलेले नाहीत. मला वाटतं, एकदाच जुळी झाली तर एकाच सुट्टीत सगळं होऊन जाईल. आमच्याकडे सुट्टीवरून परत आलेल्या मुलींचं काय होतं ते मी पाहून राहिली आहे. मैत्रिणीनं एका गोळीचं नाव दिलं, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायची. मेडिकलमध्ये मिळून जाते म्हणते. घेऊ का?*

नको, बाळा. कृपा करून घेऊ नकोस.

तुझी अडचण मला खोटी वाटत नाही. सुट्टीवरून परत आलेल्या मुलीची खुर्ची कोपऱ्यात सरकलेली असते हे मीही माझ्या पेशंटांकडून ऐकते. पण तू नाव लिहिलंस ती गोळी क्लोमिफिनची आहे, आणि ती ज्यांचं बीज दर महिन्याला नीट सुटत नाही त्यांच्यासाठी आहे. ती शरीरातलं इस्ट्रोजेन मेंदूला जाणवू देत नाही. मेंदूला वाटतं की संप्रेरक कमी पडतंय, म्हणून तो जास्त एफएसएच सोडतो आणि सुस्त अंडाशय जागा होतो. तुझी पाळी २८ दिवसांनी येते, म्हणजे तुझा अंडाशय जागाच आहे. त्याला आणखी ढोसलं तर दोन, तीन, कधी चार बीजं एकदम पिकतात. किती पिकली हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी करून बीजं मोजावी लागतात. फार झाली तर त्या महिन्यात संबंध टाळायला सांगावं लागतं. मेडिकलच्या काउंटरवर हे कोण सांगणार?

आणि ज्यासाठी घ्यायची तेही बहुतेक वेळा होत नाही. क्लोमिफिननं दिवस राहिलेल्या शंभर बायकांत पाच ते दहा जणींना जुळं होतं, बाकीच्या नव्वद-पंच्याण्णव जणींना एकच बाळ. आजकाल आम्ही त्याऐवजी जास्त करून लेट्रोझोल हे दुसरं औषध देतो. त्यात जुळ्यांचं प्रमाण आणखी कमी असतं, आणि आम्ही ते देतो त्यामागे हेही एक कारण आहे. २०११ ते २०१७ या काळात वंध्यत्वासाठी ते देण्यावर आपल्या देशात बंदी होती, ती उठली तेव्हा मला फार हायसं वाटलं. एफएसएचची थेट इंजेक्शनं देऊन जे उपचार होतात त्यात मात्र जुळ्यांचं प्रमाण शेकडा पंचवीस-तिसापर्यंत जातं आणि तिळीही होतात. म्हणूनच ती इंजेक्शनं देताना आम्ही जास्तीत जास्त सावध असतो.

एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी तुझ्याच वयाची एक मुलगी माझ्याकडे आली, सातवा महिना लागायच्या आधीच. पाळी तुझ्यासारखी नियमित. नातेवाइकांकडून नाव कळलं म्हणून हीच गोळी तीन महिने घेतली होती, तिसऱ्या महिन्यात तर स्वतःच दुप्पट केली. जुळं राहिलं. घरात पेढे वाटले गेले. अठ्ठाविसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. थांबवायला जे करता येतं ते सगळं केलं, बाळांच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं दिली, तरी चौथ्या दिवशी बाळंतपण झालं. एक किलो आणि त्याहून थोडं कमी, अशा दोन मुली. धाकटी नऊ दिवस राहिली. मोठी पंचावन्न दिवस काचेच्या पेटीत होती आणि आज शाळेत जाते, तिच्या डोळ्यांवर जाड चष्मा आहे. त्या पंचावन्न दिवसांत त्या मुलीची आई एकही दिवस कामावर गेली नाही, आणि पुढे नोकरी राहिलीही नाही. ती मला एकदाच म्हणाली, "मॅडम, मी दोन मागितल्या होत्या ना?" त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

सुट्टीचा हिशेबही नीट मांडून बघ. कायद्यानं पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे मिळतात, ते बाळंतपणामागे. जुळी झाली म्हणून ५२ आठवडे मिळत नाहीत. अर्ध्याहून जास्त जुळी ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मतात, म्हणजे सुट्टीचे पहिले कित्येक आठवडे बाळांच्या विभागाबाहेरच्या बाकावर जातात. त्याआधी पोटुशीपणात रक्तदाब वाढण्याचा धोका एका बाळाच्या मानानं दुप्पट-तिप्पट, साखर वाढण्याचाही जास्त, आणि बाळंतपणानंतर रक्तस्रावाचाही. सातव्या महिन्यापर्यंत लॅपटॉप घेऊन बसेन असं तू धरून चालली असशील, पण जुळ्याच्या वेळी त्या भरवशावर राहता येत नाही.

दोन मुलं हवी असतील तर ती एकामागून एक होऊ दे. नोकरीचं भांडण नोकरीच्या जागी भांडायचं, त्याचा भार तुझ्या गर्भपिशवीवर टाकू नकोस.

पत्र तिसरं

*माझं वय ६२, राहणार उमरेड. सुनेला जोडकेळं खाऊ देत नाही, आमच्याकडे म्हणतात त्यानं जुळे होतात. सून ऐकत नाही, म्हणते मुद्दामच खाईन. खरं काय ते लिहा. रताळी, दूध यांनीही होते असं शेजारीण सांगून राहिली.*

काकू, सुनेला जोडकेळं खाऊ द्या. एकाच सालीत दोन केळी वाढली तर तो केळफुलातला प्रकार आहे. त्याचा परिणाम केळ्यापुरता, खाणारीच्या पोटापर्यंत तो पोचत नाही. माझी आई मात्र शेवटपर्यंत सांगायची की ती पोटुशी असताना काटोलच्या बाजारातलं जोडकेळं तिनं खाल्लं होतं. मी तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. तिला त्या तीन दिवसांचं काहीतरी कारण हवं होतं.

रताळ्याची गोष्ट आफ्रिकेतून आली असावी. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा लोक राहतात. जगातलं सर्वांत जास्त जुळ्यांचं प्रमाण त्यांच्यात नोंदलं गेलंय, हजार बाळंतपणांमागे चाळीस-पन्नास. त्यांचं रोजचं अन्न एक मोठा कंद आहे, आपल्या रताळ्याहून वेगळा, आणि पुष्कळ जण त्यालाच श्रेय देतात. ते सिद्ध झालेलं नाही. त्याच लोकांत जुळ्यांची नावं ठरलेली असतात, आधी येणाऱ्याचं ताइवो, मागून येणाऱ्याचं केहिंदे. त्यांच्या समजुतीनुसार मागून येणारं मूल थोरलं असतं. तेच दुसऱ्याला पुढे पाठवतं, जग कसं आहे ते चाखून ये म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप वेळ पुस्तक मिटून बसले होते.

केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोडिन्ही नावाचं गाव आहे, तिथेही जुळ्यांच्या चारशेच्या आसपास जोड्या मोजल्या गेल्या आहेत. पाणी, माती, अन्न सगळ्यांवर संशय घेऊन झाला, ठोस कारण हाती आलेलं नाही.

दुधाचं थोडं वेगळं आहे. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. गॅरी स्टाइनमन यांनी मांडलं की दूध-मांस काहीच न खाणाऱ्या बायकांना जुळी बाकीच्यांच्या पाचव्या हिश्शाइतकीच होतात. तिथे गायींना वाढीचं संप्रेरक दिलं जातं, त्याकडे त्यांनी बोट दाखवलं. पण त्यावरून आपल्या घरी आणखी लिटरभर दूध सुरू करावं असं काही निघत नाही. उंच आणि जाड बायकांमध्ये जुळी थोडी जास्त दिसतात हे मात्र पुष्कळ ठिकाणी आढळलं आहे. म्हणून कोणी वजन वाढवायच्या मागे लागू नये. वाढलेल्या वजनानं पाळी बिघडते आणि दिवसच राहत नाहीत, हे मी रोज पाहते.

फोलिक अॅसिडनं जुळी होतात अशीही भीती काही सुना-सासवांना असते आणि त्यापायी गोळ्या कपाटात पडून राहतात. चीनमध्ये २,४२,००० बायकांवर हे तपासलं गेलं आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. गोळी घेणाऱ्या बायकांत जुळ्यांचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी ती गोळी फार गरजेची आहे. सुनेला ती मात्र तुम्ही स्वतःच्या हातानं द्या, काकू.

पत्र चौथं

*वय ३१, धरमपेठ. दोन्ही नळ्या बंद आहेत म्हणून टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार सुरू आहे. चांगली पाच भ्रूणं तयार झाली. डॉक्टर म्हणतात एकच सोडू, बाकीची गोठवून ठेवू. यजमान म्हणतात, एवढा खर्च केला, दोन सोडा, दोन झाली तर फायदाच. आम्ही काय करावं?*

तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

यजमानांना एक आकडा दाखवा. २००४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या दवाखान्यांतून ३६ वर्षांखालच्या बायकांचा एक अभ्यास आला. निम्म्यांना एकदम दोन भ्रूणं सोडली. उरलेल्यांना आधी एक, आणि मूल झालं नाही तर गोठवलेलं दुसरं एक. मूल घरी नेणाऱ्या बायका पहिल्या गटात शंभरात ४३, दुसऱ्या गटात ३९. जवळजवळ सारख्याच. आता जुळी पाहा. पहिल्या गटात मूल झालेल्यांपैकी ३३ टक्के, दुसऱ्या गटात एक टक्काही नाही. गोठवण्याचं तंत्र तेव्हापासून बरंच सुधारलं आहे, त्यामुळे वाट पाहण्यातला तोटा आता आणखी कमी झालाय.

एक सोडलं तरी शेकडा एक-दोन वेळा ते दुभंगून एकबीज जुळं होऊ शकतं, हे मनात असू द्या. दोन सोडली आणि त्यातलं एक दुभंगलं तर तिळं होतं, आणि तिळ्याची आई होणं काय असतं हे मी कोणाला दाखवू इच्छित नाही. खर्चाचं यजमान म्हणतात ते समजतं, कर्ज काढून उपचार करणारी जोडपी मी रोज बघते. पण तो खर्च उपचाराच्या बिलापाशी थांबत नाही. वेळेआधी आलेल्या दोन बाळांचा अतिदक्षतेतला महिना कित्येकदा त्या बिलापेक्षा मोठा असतो. पाच भ्रूणं म्हणजे तुमच्या हातात पाच संधी आहेत. त्या एकेक करून वापरा.

पत्र पाचवं

*जुळ्यात एक मुलगा आणि एक मुलगी यावी यासाठी काही औषध, पथ्य असते का? (सक्करदरा)*

नाही. असं औषध कोणी देत असेल तर ते घेऊ नका, आणि कोणी पोटातल्या बाळाचं लिंग सांगतो म्हणत असेल तर तो गुन्हा आहे, सांगणाऱ्याचा आणि विचारणाऱ्याचाही. या प्रश्नाला मी याहून जास्त जागा देणार नाही.

पत्र सहावं

*मी हिंगणा एमआयडीसीत कामाला आहे, वय २९. बायकोचं वय २४, पहिलंच. आमच्या कोणाकडेच जुळे नाहीत, औषधही काही घेतलं नाही. नवव्या आठवड्यात सोनोग्राफी केली तर जुळे निघाले. रिपोर्टमध्ये लिहिलं आहे की वार एकच, आतल्या पिशव्या दोन. डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी होती, विचारता नाही आलं. आई म्हणते कोणाला सांगू नका, नजर लागते. हे कशामुळे झालं आणि आता काय करू?*

भाऊ, पत्र मिळाल्याबरोबर तुम्हाला उत्तर पाठवलं होतं. इथे छापते ते तुमच्यासारख्या दुसऱ्या कोणासाठी.

कशामुळे झालं? कोणी काही केल्यानं नाही. वर लिहिलेलं वय, घराणं, वजन, गोळ्या यातलं काही तुमच्याकडे लागू होत नाही, आणि लागायची गरजही नव्हती. वार एकच असेल तर ही जुळी एकबीज आहेत. बीज फळल्यानंतर साधारण चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान त्याचे दोन भाग झाले. त्याआधी झाले असते तर वाराही दोन झाल्या असत्या, त्यानंतर झाले असते तर दोघं एकाच पिशवीत आली असती, आणि ते जास्त धोक्याचं.

रिपोर्टातली ती एक ओळ तुमच्या हातातली सर्वांत मोलाची ओळ आहे. वार एक की दोन हे अकरा ते चौदा आठवड्यांपर्यंत सर्वांत स्पष्ट दिसतं, पुढे सांगणं कठीण होत जातं. दोन वारा असलेल्या जुळ्यांना महिन्या-महिन्यानं सोनोग्राफी चालते. तुमच्यासारखी एक वार असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करावी लागते. कारण त्या एका वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. शंभरातल्या दहा-पंधरा जोड्यांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागतं. एकाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती वाढतं. वेळेत कळलं तर आता लेझरनं त्या वाहिन्या बंद करता येतात. न कळलं तर दोघांच्याही जिवावर बेततं. उरलेल्या पंच्याऐंशी-नव्वद जोड्यांत हे होत नाही, हेही बायकोला सांगा. एकदा नाही, दर वेळी सोनोग्राफीला जाताना सांगा.

मी संत्र्याच्या घरातली. फांदीवर फळं जास्त धरली की बाबा खालून बांबूचे टेकू द्यायचे, नाहीतर भारानं फांदी चिरते. तुमच्या बायकोलाही आता टेकू लागतील. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. जेवणात डाळ, अंडी, दूध वाढवा, पण भात-पोळी दुप्पट करू नका. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोट अचानक फुगल्यासारखं ताठ झालं किंवा पाणी गेलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. एक वार असलेली जुळी आम्ही साधारण ३६-३७ आठवड्यांपुढे थांबवत नाही, म्हणजे तुमचा नववा महिना पुरा भरणार नाही. ती तयारी आतापासून करा. नाव अशा ठिकाणी घाला जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे. आपल्या नागपुरात सरकारी दवाखान्यांपैकी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, मेयो आहे, डागा आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, तिथेही हा रिपोर्ट घेऊन जाता येईल.

आईंच्या बोलण्याबद्दल. नजर लागू नये म्हणून गल्लीत सांगू नका, हरकत नाही. पण दवाखान्यात प्रत्येक नव्या माणसाला सांगा, नर्सला, सोनोग्राफी करणाऱ्याला, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलासुद्धा: जुळं आहे, वार एक आहे. माझ्या आईला हे मी बाहेर आल्यावर कळलं होतं. तुम्हाला नवव्या आठवड्यात कळलंय. गर्दी असली तरी उद्या पुन्हा जा, रिपोर्ट डॉक्टरांसमोर उघडून ठेवा आणि सोळाव्या आठवड्याची तारीख घेऊनच बाहेर या.